भिंत राहिली, पडदा गेला

सातारा जिल्ह्यातील मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे पाहून मी सांगलीला आलो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, त्या या नाट्यपंढरीत रंगभूमीची चित्रे कुठे शोधायची?

आपल्या नाट्यचित्रकलेचा मोठा भाग भिंतीवर नव्हताच. तो पडद्यावर होता. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मिस्त्रींनी संगीत नाटकांसाठी असे पडदे रंगवले. पण सरसात कालवलेला रंग घडी पडली की फुटतो, पाणी लागले की ओघळतो. नाटक कंपनी मोडली की पडद्याला वाली उरत नसे. त्यात २०१९ साली सांगलीत कृष्णेचा महापूर आला आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. जुन्या वस्तूंना आपल्याकडे पाण्याचेही भय आहे आणि आगीचेही.

तरी मी निराश नाही. भाव्यांच्या लाकडी बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्याच ना! तेव्हा कुणाच्या माळ्यावर जुन्या पडद्याची गुंडाळी असेल, तर ती धुऊ नका, घडी घालू नका. आधी छायाचित्र काढा, मग जाणकाराला दाखवा. भिंत आपली जागा धरून असते; पडद्याची जागा आपणच राखायची असते.