पनवेलच्या आसमंतातील इतिहासस्थळे व आपली मुले

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक सहलीसाठी स्थळ निवडण्याची वेळ आली की बहुधा दूरच्या एखाद्या करमणूक-उद्यानाचे नाव पुढे येते. करमणुकीस आमचा विरोध नाही. परंतु ज्या भूमीत आपली घरे आहेत तिचीच ओळख मुलांस नसावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाले. १९७० पासून नव्या मुंबईच्या उभारणीत भातखाचरे व मिठागरे दिसेनाशी होऊ लागली. आजच्या मुलांस पायली म्हणजे काय, हेही सांगावे लागते. म्हणून एका दिवसात पाहून येण्याजोग्या काही स्थळांचा परिचय येथे करून देत आहोत.

प्रथम कर्नाळा. अंगठ्यासारख्या सुळक्यामुळे हा किल्ला दुरूनही ओळखू येतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत हा होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पायथ्याचे रान १९६८ साली पक्षी-अभयारण्य झाले.

जवळच शिरढोण. येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने दुष्काळातील रयतेचे हाल पाहून १८७९ साली बंड उभारले. त्यांच्याभोवती जमले ते मुख्यतः रामोशी. जन्मठेपेची शिक्षा भोगीत असता १८८३ साली एडन येथे त्यांचा अंत झाला.

उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या नामावळीत कातकरी आहेत, कोळी आहेत, शेतकरीही आहेत. ज्ञातीच्या अंकात हे मुद्दाम लिहितो; कारण ज्ञातीचा अभिमान बाळगताना हे सामाईक ऋण विसरले जाऊ नये.

त्याच तालुक्यात घारापुरी बेट आहे. तेथील शैव लेण्यांतील त्रिमुखी सदाशिवमूर्ती जगद्विख्यात असून १९८७ साली त्यांची गणना जागतिक वारशात झाली. बेटावरील ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी त्यास ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्ती आता मुंबईच्या राणीच्या बागेत आहे.

थोडे दूर जावयाचे असल्यास अलिबाग. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. मात्र भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. येथील चुंबकीय वेधशाळेची कथाही मुलांस आवडेल : मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधांत व्यत्यय येईल, म्हणून १९०४ साली ही वेधशाळा येथे सुरू करण्यात आली.

आमची सूचना साधी आहे. यंदाची सहल शिरढोण व चिरनेर येथे न्यावी, आणि प्रत्येक स्थळी एका वडीलधाऱ्याने मुलांस तेथील हकीकत सांगावी. तसेच घरोघरीची जुनी मापे, जाती, वल्ही, दस्तऐवज भंगारात न घालता आपल्या सभागृहातील एका कपाटात ठेवावेत. प्रत्येक वस्तूसोबत तिचे नाव, गाव व उपयोग लिहून ठेवावा. या वस्तू ज्यांनी हाताळल्या, ती माणसे अद्याप सांगावयास आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.