द्राक्षाची हकिकत

सत्यनारायणाच्या शिऱ्यात आपण बेदाणे घालतो, अशक्त माणसाला मनुका भिजवून देतो, आणि माघ-फाल्गुनात द्राक्षांचे घड घरी आणतो. तिन्ही एकाच वेलीची लेकरे. त्यांची थोडी हकिकत सांगते.

द्राक्ष आपल्या देशाला फार जुने आहे. चरकसंहितेत त्याला ‘मृद्वीका’ म्हटले असून फळांत श्रेष्ठ मानले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला. तेथे द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले. तरी सामान्य घरात हे फळ क्वचितच येई. १९४७ च्या फाळणीपूर्वी काबूल-कंदाहारकडची द्राक्षे कापसात बसवून डब्यांतून येत. ती श्रीमंताच्या ताटात, नाही तर आजाऱ्याच्या उशाशी!

नाशिककडे पूर्वी भोकरी, फकडी, पांढरी साहेबी या जाती होत्या. पुढे हैदराबादेकडून टपोऱ्या मण्यांची अनाबेशाही आली. या साऱ्यांत बी असे. नंतर आलेल्या थॉम्पसन सीडलेसने बी घालवली. तिच्यातूनच तासगावकडे ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळ नान्नजला ‘सोनाका’ निघाली.

थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपते व वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास घडांसाठी गोडी छाटणी करतात. मणी दाटू नयेत म्हणून कात्रीने विरळणी करावी लागते, एकेक घड औषधात बुडवावा लागतो. ही कामे बहुतेक बायकाच करतात, तासन्‌तास हात वर धरून. एवढे होऊन तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने कितीतरी बागा झोपवल्या. तेव्हा मालकाचे कर्ज वाढते आणि मजुरणीची चूलही थंड पडते.

‘बेदाणा’ हा फारसी शब्द, अर्थ बिनबियांचा. मनुकेत मात्र बहुधा बी असते. पिकली द्राक्षे तेल आणि पोटॅशियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात बुडवून सावलीत जाळ्यांवर वाळवतात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो महाग का, हे यावरून कळेल.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पंचामृतात मूठभर बेदाणे घातले की चिंचेचा आंबटपणा मऊ होतो. कोशिंबिरीसाठी मी द्राक्षे अर्धी चिरून दह्यात घालते. त्यात फेसलेली मोहरी, मीठ, चिमूट साखर आणि हिरवी मिरची. द्राक्षे आयत्या वेळी घालावीत, नाही तर पाणी सुटते. आंबट निघाली तर गूळ, तिखट व जिरेपूड घालून चटणी शिजवावी; पोळीशी छान लागते.

बाजारात घडातून गळालेले सुटे मणी स्वस्त मिळतात. चांगले असतील तर त्यांना नाक मुरडू नये. तोही कुणा बाईने वर्षभर जपलेला माल आहे.