नववा पहारेकरी

आजचा इतिहास लढाईचा नाही. घरचा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून पुन:पुन्हा का बंद पडतो, त्याचा आहे.

सुरुवात १९४७ची. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर गणितं लावून जायचे. यंत्राला चूक कळायची, पण कळली की ते काम तिथंच सोडून पुढचं काम हाती घ्यायचं. सोमवारी पाहावं तर उत्तर नाही. हॅमिंग वैतागले. चूक कळते, तर ती कुठे आहे हे यंत्रालाच का कळू नये? १९५० साली त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारी पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक चालू झाला. २०४८ शब्दांची मेमरी, आणि देखभालीला शेजारी इंजिनिअर. घरी शेजारी कोण असतं?

१९८१च्या आयबीएम पीसीत त्याची थोडी सोय होती. आठ बिटांमागे एक नववा बिट, केवळ पहाऱ्याला. नऊ बिटांतल्या एकांची संख्या ठरल्याप्रमाणे विषम नसली की मशीन जागीच थांबे. पुढे नव्वदच्या दशकात मेमरीचा भरवसा वाढला, किमतीची चढाओढ लागली आणि घरगुती मशीनमधून हा पहारेकरी काढून टाकला. सर्व्हरमध्ये मात्र ठेवला. फौजेच्या भाषेत सांगायचं तर मुख्यालयाला सेन्ट्री, आणि गावाची चौकी रिकामी.

निळा पडदा १९९३च्या विंडोज एनटीपासूनचा. लोक त्यालाच रोग समजतात. वास्तविक आतला गोंधळ लक्षात आल्यावर डिस्कवरची माहिती आणखी बिघडू नये म्हणून विंडोज मुद्दाम थांबते.

मी राहतो बीरगावला. उरला आणि सिलतराचे कारखाने जवळच. इथं मशीन बंद पडलं की दोन आरोपी ठरलेले, काळी धूळ आणि वीज. माझ्या मशीनवर निवृत्त जवानांचे पेन्शनचे कागद तयार होतात. गेल्या पावसाळ्यात ते आठवड्यातून तीनदा थांबू लागलं, दरवेळी वेगळा कोड. दुरुस्तीवाला म्हणाला, विंडोज नव्यानं टाका. मी नाही म्हटलं. दरवेळी त्याच ड्रायव्हरचं नाव आलं असतं तर ड्रायव्हर बदलला असता. कोड बदलत राहतो तेव्हा संशय आधी मेमरीवर. बिघडलेला बिट आज एका प्रोग्रॅमच्या वाट्याला येतो, उद्या दुसऱ्याच्या.

ख्रिस ब्रेडी यांचा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम १९९४पासून याच कामासाठी आहे. मी तो रात्रभर चालवला, मग दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासल्या. एकीत लाल ओळींची रांग. ती काढल्यावर क्रॅश थांबले. पण खरं काम त्यानंतरचं होतं. त्या दिवसांत केलेल्या प्रत्येक फॉर्मचा आकडा मूळ पेन्शन आदेशाशी जुळवावा लागला, कारण नववा बिट नसलेलं मशीन चुकीचा आकडाही बिनतक्रार साठवून ठेवतं. सुदैवानं सगळे बरोबर निघाले.

आणि निळा पडदा न येता मशीन सरळ बंद होऊन परत सुरू होत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद आहे का पाहा. ती कारण सांगत नाही, नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं एवढंच सांगते. तेव्हा पॉवर सप्लाय, यूपीएस आणि धुळीनं तुंबलेला पंखा, या क्रमानं तपासा. आमच्या बीरगावात तरी पंख्यापर्यंत पोहोचावंच लागतं.