परसातील कोंबडी : बालाघाटच्या एका दुर्लक्षित संपत्तीचा इतिहास

वैनगंगेच्या तीरावरील बालाघाट शहराच्या कडेकडेने वाढत गेलेल्या गायखुरी, कोसमी, भटेरा यांसारख्या वस्त्यांत, अथवा भरवेलीच्या मँगनीज खाणीभोवतीच्या वसाहतीत, पक्क्या घराच्या मागे चार-सहा कोंबड्यांचे खुराडे दृष्टीस पडले, म्हणजे नव्याने राहावयास आलेल्या सुशिक्षित गृहस्थास तो खेडवळपणाचा अवशेष वाटतो आणि नगरपालिकेने तो दूर करावा अशी त्याची इच्छा होते. परंतु या जिल्ह्यातील सामान्य माणसाने, आणि विशेषतः सामान्य स्त्रीने, अवर्षणाच्या, कर्जाच्या व आजारपणाच्या दिवसांत कशाच्या आधारावर संसार उभा ठेवला, याचा शोध जो घेऊ लागेल, त्यास या खुराड्यापाशी थांबावेच लागेल.

प्रथम निसर्गाची साक्ष घ्यावी. बैहरच्या पठारापासून कान्हाच्या अरण्यापर्यंत पसरलेल्या सालवृक्षांच्या छायेत, ज्यांस तेथील लोक सरई म्हणतात, लाल रानकोंबडा आजही आरवतो. आणि पक्षिशास्त्रज्ञांनी पूर्वीच नमूद करून ठेविले आहे की, या पक्ष्याचा व बाराशिंग्याचा मध्यहिंदुस्थानातील संचार पुष्कळ अंशी सालवनांच्या मर्यादेस धरून आहे. सालवनांची ती मर्यादा ओलांडून दक्षिणेस व पश्चिमेस सागाच्या रानांत गेले, म्हणजे राखी रानकोंबड्याचा मुलूख लागतो. माणसाळलेल्या कोंबडीचे मूळ आग्नेय आशियातील लाल रानकोंबड्यात आहे असे अलीकडील आनुवंशिक संशोधन सांगते. परंतु तिच्या पिवळ्या कातडीचा व पिवळ्या पायांचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असे उप्सालाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. दोन्ही वन्य कुळांचे रक्त अंगी वागविणारा हा पक्षी, त्या कुळांच्या सीमेजवळील या जिल्ह्यात परका कसा म्हणावा?

गोंड व बैगा यांच्या धर्मजीवनात तर कोंबडीवाचून कोणताच संस्कार पुरा होत नसे. पेरणीपूर्वी गावाचे बियाणे एकत्र करून ठाकूरदेवापुढे ठेवावयाचे, कोंबड्याचा बळी द्यावयाचा आणि मंतरलेले दाणे घरोघर वाटावयाचे, हा बिदरीचा विधी व्हेरिअर एल्विन यांनी आपल्या १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात वर्णिला आहे. १८१० च्या सुमारास लछमन नाईक नावाच्या गृहस्थाने परसवाड्याच्या पठारावर पहिली खेडी वसविली, सखल भागात पोवार, कुणबी, लोधी, मरार आदी शेतकरी जातींनी धानाची शेती वाढविली, आणि त्यांच्याबरोबर सोवळ्याओवळ्याच्या निराळ्या कल्पना आल्या. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या बृहद्ग्रंथात अमुक जात कोंबडी खाते किंवा खात नाही, हा तिच्या सामाजिक दर्जाचा एक निकष म्हणून पुनःपुन्हा नोंदविलेला आढळतो. ज्या घरांत कोंबडी होती, त्या घरांतून लिहिणारे हात फारसे निघाले नाहीत. आणि लिहिणाऱ्यांनी कोंबडीकडे पाहिले ते बहुधा दर्जा ठरविण्यापुरते.

१८६७ मध्ये मंडला, शिवनी व भंडारा यांचे भाग जोडून हा जिल्हा निर्माण झाला, जमाबंदी झाली, मालगुजाराचे हक्क कागदावर चढले. पण सारा बसत होता जमिनीवर, त्यामुळे सांदवाडीत दाणे टिपणाऱ्या जिवाची दखल घेण्याचे दप्तरास कारण नव्हते. दौऱ्यावरच्या अंमलदाराचा तंबू गावाबाहेर पडला, म्हणजे मात्र कोंबडीची आठवण सर्वप्रथम होई. लाकूडफाटा, दूध, अंडी व कोंबड्या यांची रसद पुरविण्याचा हुकूम कोतवालामार्फत घरोघर फिरे, आणि तिची किंमत मिळणे न मिळणे हे मुनशी-खानसाम्यांच्या मर्जीवर राही. डाक बंगल्यातील गोऱ्या प्रवाशांच्या लिखाणात कोंबडीच्या रश्श्याचा जो नित्य उल्लेख येतो, त्याच्या पाठीमागे अशा कित्येक गरिबांची बुडालेली मिळकत असे. ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील मालगुजारी संपली. तिच्याबरोबर वेठ व रसद यांचा आधारही ढासळला.

कोंबड्यांच्या या मिळकतीची मालकी बहुतांशी स्त्रीची होती, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेत सासऱ्याचे, बैल नवऱ्याचे, पण कोंबडी तिची. धानाच्या या मुलखात कण्या व कोंडा घरचाच असतो. उरलेले अन्न, अंगणातील किडे, पिल्लांसाठी वारुळातून आणलेली वाळवी, एवढ्यावर हा संसार चाले. देशी कोंबडी वर्षास चाळीस ते साठ अंडी देते, तीही तीन-चार खेपांनी. अंडी घालून झाली की ती खुडूक बसते, डालग्यातील भुशावर एकवीस दिवस ऊब देऊन पिल्ले काढते, आणि घार, मुंगूस व रानमांजर यांच्याशी झुंजत ती वाढविते. जिच्यापाशी कोंबडी नाही, तिला शेजारीण एखादी तलंग बटईने देई आणि पिल्ले निम्मी-निम्मी वाटून घेतली जात. या व्यवहारास ना स्टँप लागे, ना सावकार. मुलाची पाटी, औषधाची पुडी, माहेरी जाण्याचे भाडे यांसाठी आठवडी बाजारात एक पक्षी विकला की कोणापुढे हात पसरावा लागत नसे. आषाढात भाव चढतो हे तिला ठाऊक असे, आणि श्रावणापूर्वी कोणता कोंबडा काढावयाचा याचा हिशेब ती मनाशी करून ठेवी.

या संपत्तीचा खरा शत्रू मानमोडीचा रोग. मान वाकडी होऊन, पंख पाडून, एकेका रात्रीत खुराडी ओस पाडणारा हा रोग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुमाऊँतील राणीखेत येथे ओळखला गेला. इंग्लंडात न्यूकॅसल येथे व जावा बेटावरही तो त्याच सुमारास प्रकटला होता. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन होऊन नंतर मुक्तेश्वरास हलविलेल्या पशुवैद्यकीय संस्थेने १९४० नंतरच्या दशकात त्यावर लस सिद्ध केली. अडचण उरली ती अशी की, लस थंड ठेवावी लागते, एका कुपीत शेकडो मात्रा असतात, आणि विरघळविल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या धनिणीने ती एकटीने आणावी कशी?

राष्ट्रीय विकासाच्या योजनांनीही या प्रश्नास बगलच दिली. १९५२ नंतरच्या सामूहिक विकास योजनेत ऱ्होड आयलंड रेड व व्हाइट लेगहॉर्न या विदेशी जातींचे कोंबडे गावोगाव वाटले गेले. पुढे मोठ्या उबवणी केंद्रांचा व पिंजऱ्यांचा काळ आला, अंडी विपुल व स्वस्त झाली, आणि हा लाभ लहान नव्हे. परंतु पिंजऱ्यातील कोंबडीचे खुडूक होणे निवडपैदाशीने संपविले गेले. तिची पिल्ले दरवेळी विकत आणावी लागतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू उद्भवला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने झाबुआकडील कडकनाथ जातीच्या कोंबडीचे रक्त मिसळून परसासाठी 'नर्मदानिधी' हे वाण तयार केले, ही त्यामानाने शहाणपणाची वाट होय.

झाबुआच्या कडकनाथास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये. ज्या गावरान कोंबडीने त्या धानाच्या कण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरे तगविली, तिच्या वाट्यास मात्र कोणतीही सनद आली नाही. तिला सनदेची गरजही नाही. गरज आहे ती वेळेवर मिळणाऱ्या लसीची. पशुवैद्यकीय खात्याने दर मोहल्ल्यास ठराविक वार नेमून सर्व खुराड्यांतील पक्ष्यांस एकत्र टोचणी करावी, म्हणजे कुपी वाया जाणार नाही. नगरपालिकेने बंदीचा विचार सोडून स्वच्छतेचे सोपे नियम करावेत: खुराडे रोज झाडावे, विष्ठा राखेत मुरवून वाफ्यात घालावी, आजारी पक्षी बाजारात नेऊ नये, मेलेला पुरावा. घरोघर पाच-सहा पक्षी असणे आणि दाट वस्तीत पाचशेंचा धंदा मांडणे यांत कायद्याने भेद करावा. यास खर्च थोडा आहे; आणि ज्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा चार पैशांचा दुसरा मार्ग नाही, तिचे स्वातंत्र्य राखण्याचे याहून सुलभ साधन या जिल्ह्यात तरी मला दिसत नाही.