कणगीमागचा गोळा

घर तळेऱ्यातलं धरू. मुंबई-गोवा महामार्गाला विजयदुर्ग आणि वैभववाडीचे रस्ते मिळतात तिथून जवळच. माणसं आणि कुत्र्याचं पिल्लू कल्पनेतली आहेत. विष आणि त्याचं वागणं मात्र खरं आहे.

शुक्रवार, रात्री ९. पावसाळ्यात शेतात पाणी साचलं की उंदीर घरात शिरतात. आजोबा दरवर्षीप्रमाणे काळी पूड काढतात, झिंक फॉस्फाइड. तांदळाची कणी, थोडं तेल, सुका जवळा आणि शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅम पूड. बोराएवढे गोळे होतात. काही माळ्यावर जातात, काही कणगीमागे. किती ठेवले, कोणी मोजत नाही. रिकामं पाकीट चुलीत जातं.

शनिवार, सकाळी ८. पिल्लू येणार म्हणून सून घर आवरते आणि छान आवरते. वायरी वर बांधल्या, फिनेल फळीवर ठेवलं, विहिरीच्या कठड्याची फट बुजवली, महामार्गाच्या बाजूच्या फाटकाला जाळी मारली. चॉकलेट, मनुका, कांदे कुत्र्याला बाधतात हे तिला ठाऊक आहे, म्हणून तेही वर गेले. परसात दोन मेलेले उंदीर सापडतात. औषधाचं काम झालं, असं घर धरून चालतं. आजोबा बागेत आहेत.

दुपारी ४. पिल्लू येतं. गावठी, दोन महिन्यांचं, दोन किलोचं. पोरं त्याला खाली ठेवतच नाहीत.

संध्याकाळी ६.१०. खाली ठेवतात. पिल्लू जवळ्याच्या वासावर कणगीमागे जातं आणि एक गोळा गिळतं. पाच ग्रॅमच्या गोळ्यात शंभर मिलिग्रॅम विष असतं. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे वीस ते चाळीस मिलिग्रॅम जीव घेऊ शकतं. दोन किलोच्या पिल्लाचा हिशेब तोंडी होतो.

६.१० ते ६.५५. काहीच नाही. पिल्लू खेळतं. आत पोटातल्या आम्लाशी पुडीची गाठ पडून फॉस्फीन वायू सुटू लागलाय. तो रक्तातून फुप्फुसं, हृदय, यकृत गाठतो. लक्षणं पंधरा मिनिटांत दिसतात किंवा चार तास लपून राहतात. डॉक्टर गाठायची वेळ हीच, आणि नेमकं आत्ताच कोणाला काही माहीत नाही.

६.५५. उलटी, काळपट. पिल्लू कण्हत घरभर फिरतं. शेजारच्या काकी धावत येतात: "तेका जरा दूद पाजा, बरा वाटात." वाटीभर दूध पाजलं जातं.

माझ्या मते घात इथे झाला. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की वायू वाढतो. रिकाम्या पोटी एखादं जनावर याहून मोठ्या मात्रेतूनही वाचतं. काकींच्या मायेबद्दल शंका नाही, पण या विषाला दूध चालत नाही. ओकारीसाठी मिठाचं पाणी पाजण्याचा दुसरा घरगुती उपाय तर स्वतःच विष ठरू शकतो.

७.२०. आजोबा बागेतून येतात, उलटीत जवळा पाहतात आणि ओट्यावर बसतात. फोनवर डॉक्टरांचा पहिला प्रश्न: औषध कुठलं? पाकीट तर जळून गेलंय. ब्रोमाडायोलोनची वडी असती तर रक्त गोठणं बंद व्हायला काही दिवस लागले असते आणि जीवनसत्त्व के-१ हा उतारा होता. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही. पोट धुणं, आम्ल मारणारी औषधं, सलाइन, ऑक्सिजन एवढंच हातात असतं.

८.०५. सरकारी दवाखाना बंद झालाय, म्हणून गाडी कणकवलीकडे निघते. पावसामुळे काचा वर आहेत. मांडीवर पुन्हा उलटी होते, लसणासारखा वास पसरतो. तो वायू माणसांनाही बाधतो. पाऊस आत आला तरी काचा खाली हव्यात.

८.४०. नांदगाव मागे पडतं. झटके सुरू होतात.

८.५५. दवाखान्याच्या दारात पिल्लू श्वास सोडतं.

पिल्लू आणणार असाल तर आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा: उंदरांचं औषध कुठलं, कुठे आणि किती ठेवलंय? सगळं मोजून उचला, पाकीट जपून ठेवा. आणि पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक १९६२ आजच फोनमध्ये घालून ठेवा.