ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल समाज : गरिबी म्हणायचे की दुर्लक्ष?

२६ जानेवारी हा आपल्याकडे संविधान अमलात आल्याचा दिवस. ऑस्ट्रेलियातही त्याच तारखेला राष्ट्रीय सुट्टी असते. १७८८ साली त्या दिवशी आर्थर फिलिप या ब्रिटिश अधिकाऱ्याने सिडनीच्या किनाऱ्यावर झेंडा रोवला, त्याची ती आठवण. तिथल्या मूळच्या लोकांसाठी मात्र तो आक्रमणाचा दिवस आहे. १९३८ साली दीडशे वर्षांचा सरकारी उत्सव चालू असताना ॲबोरिजिनल कार्यकर्त्यांनी सिडनीत शोकदिन पाळला. आजही त्या दिवशी शहरोशहरी मोर्चे निघतात.

आपल्यापर्यंत या समाजाच्या बातम्या येतात त्या बहुधा दारू, हाणामारी, तुरुंग आणि आत्महत्या यांच्या. त्या खोट्या नसतात, पण अर्ध्या असतात. उरलेला अर्धा भाग सरकारी अहवालांत आणि न्यायालयाच्या निकालांत नोंदलेला आहे.

आधी नावाविषयी. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे आणि टास्मानियातले ते ॲबोरिजिनल. क्वीन्सलँड आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या बेटांवरचे ते टोरेस स्ट्रेट आयलंडर. ही एक जमात नव्हे. गुरिंजी, वार्लपिरी, अरेर्न्ते, विराजुरी अशी शेकडो स्वतंत्र जनसमूहांची नावे आहेत आणि ब्रिटिश आले तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. २०२१ च्या अंदाजानुसार दोन्ही मिळून लोकसंख्या सुमारे ९ लाख ८४ हजार, म्हणजे देशाच्या ३.८ टक्के. वाळवंटात राहणारे लोक हे चित्रही फसवे आहे. दुर्गम भागात राहणारे जेमतेम १५ टक्के. बाकीचे शहरांत आणि छोट्या गावांत राहतात. पण दुर्लक्ष म्हणजे काय हे सर्वांत उघडपणे दिसते ते याच दुर्गम वस्त्यांत.

घर, नळ आणि आजार

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात पिट्जान्ट्जाट्जारा आणि यान्कुनिट्जाट्जारा लोकांचा मुलूख आहे. १९८० च्या दशकात तिथे या लोकांचीच एक आरोग्य संस्था काम करत होती. तिचे प्रमुख यामी लेस्टर हे अंध होते. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी त्या भागात अणुचाचण्या केल्या. लेस्टर तेव्हा लहान होते. काळ्या धुक्यासारखे काहीतरी वस्तीवरून गेले आणि त्यानंतर आपली दृष्टी गेली, असे ते सांगत. त्यांचा प्रश्न साधा होता : दवाखाना आहे, औषधे आहेत, तरी लोक पुन्हा पुन्हा आजारी का पडतात?

उत्तर शोधायला एक डॉक्टर, एक वास्तुविशारद आणि एक पर्यावरण आरोग्य कार्यकर्ता असे तिघे घरोघर फिरले. १९८७ साली त्यांचा अहवाल आला. मुलांच्या कानांचे, डोळ्यांचे, त्वचेचे आणि पोटाचे आजार कशाने होतात याची त्यांनी यादी केली आणि पहिल्या क्रमांकावर आले ते रोजची आंघोळ करता न येणे. आंघोळ का होत नाही? तर नळ चालत नाही, गरम पाण्याची टाकी बंद आहे, सांडपाणी तुंबले आहे. पुढे हीच तपासणी देशभरातल्या हजारो ॲबोरिजिनल घरांत झाली. न्हाणीघर नीट चालते अशी घरे सुमारे एक तृतीयांश निघाली. विजेच्या दृष्टीने सुरक्षित घरे दहातले एक.

गोऱ्या ऑस्ट्रेलियात या घरांविषयी ठरलेले वाक्य आहे : आम्ही घरे देतो, ते मोडून टाकतात. तपासणी करणाऱ्यांनी प्रत्येक बिघाडाचे कारण लिहून ठेवले होते. सुमारे ७० टक्के बिघाड नेहमीची देखभाल न झाल्यामुळे, सुमारे २० टक्के मुळातल्या वाईट बांधकामामुळे. राहणाऱ्यांनी केलेली मोडतोड १० टक्क्यांहून कमी. एवढ्या वर्षांच्या अपप्रचाराला इतके चोख उत्तर क्वचित मिळते. न्यू साउथ वेल्स राज्याने याच पद्धतीने घरे दुरुस्त केली, तेव्हा त्या घरांतल्या लोकांचे संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. नवे औषध लागले नाही. प्लंबर आणि वायरमन लागले.

संधिवाती हृदयरोगाचेही असेच आहे. घशाच्या किंवा त्वचेच्या साध्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तो वारंवार होत राहिला की हृदयाच्या झडपा खराब होतात. दाटीवाटीच्या घरांत हा संसर्ग पसरतो. श्रीमंत देशांतून हा रोग जवळपास हद्दपार झाला आहे, पण उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल मुलांमध्ये त्याचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे.

विजेचे पाहा. नॉर्दर्न टेरिटरीच्या वस्त्यांत वीज मोबाइलसारखी आधी पैसे भरून घ्यावी लागते. पैसे संपले की घरात अंधार. २८ वस्त्यांतल्या सुमारे ३,३०० घरांच्या अभ्यासात ९१ टक्के घरांची वीज एका वर्षात एकदा तरी तुटल्याचे आढळले. पारा ४० च्या वर जातो अशा ठिकाणी, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागणाऱ्या रुग्णांच्या घरात हे घडते.

ॲलिस स्प्रिंग्जजवळ सांता तेरेसा नावाची वस्ती आहे. तिथल्या सत्तर कुटुंबांनी घरमालकाविरुद्ध दावे केले. घरमालक म्हणजे सरकारच. एका वृद्ध बाईच्या घराला ६८ महिने मागचे दारच नव्हते. न्यायाधिकरणाने तिला भरपाई दिली १०० डॉलर! वरच्या न्यायालयात ती १०,२०० झाली, मग ती रद्द झाली आणि शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. सुरक्षित दार नसल्यामुळे भाडेकरूला झालेल्या मनस्तापाची भरपाई घरमालकाने दिलीच पाहिजे, हे त्यातून ठरले. निकाल लागला तेव्हा ती बाई हयात नव्हती.

हे आले कुठून?

इतिहास इथे थोडक्यातच घेऊ. ही भूमी कुणाचीच नाही, या गृहीतावर ब्रिटिशांनी ती घेतली. एडी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढवलेल्या खटल्यात ते गृहीतक जून १९९२ मध्ये न्यायालयाने फेटाळले. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. १९६७ पर्यंत, देशाची लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल लोकांना धरू नये असे कलमच तिथल्या संविधानात होते. सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त मतांनी ते निघाले.

मजुरीची चोरी हा भाग कमी माहीत आहे. गुरांच्या प्रचंड कुरणांवर ॲबोरिजिनल माणसे पिढ्यानपिढ्या राबली, पण त्यांची मजुरी अनेकदा सरकारी खात्यात जमा व्हायची आणि हाती पडायची नाही. क्वीन्सलँड सरकारला २०१९ मध्ये याच कारणासाठी १९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. ऑगस्ट १९६६ मध्ये वेव्ह हिल येथे व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे गुरिंजी लोक काम सोडून चालू लागले. सुरुवातीला सगळ्यांना वाटले हा मजुरीचा संप आहे. त्यांना जमीन परत हवी होती. नऊ वर्षांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली.

त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, चार्ल्स पर्किन्स हा ॲबोरिजिनल विद्यार्थी सिडनी विद्यापीठातल्या मित्रांना घेऊन बसने गावोगाव फिरत होता. मोरी गावच्या सार्वजनिक जलतरण तलावात ॲबोरिजिनल मुलांना बंदी होती. पर्किन्स त्या मुलांना घेऊन पाण्यात उतरायला गेला आणि जमावाने विद्यार्थ्यांवर हल्ला केला. चवदार तळे माहीत असलेल्या वाचकाला यापुढे काही सांगायला नको.

आणि मुले. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरण म्हणून ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवले गेले. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीनुसार हे प्रमाण दर तीन मुलांमागे एक ते दर दहा मुलांमागे एक इतके होते. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. माफीनंतर सरकारी ताब्यातल्या ॲबोरिजिनल मुलांची संख्या कमी झाली नाही, वाढली. कारण म्हणून आता बहुधा ‘दुर्लक्षित मूल’ असे लिहिले जाते. ज्या घराचा नळ सरकार दुरुस्त करत नाही, त्याच घरातल्या आईवर मुलाकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका बसतो.

कोठडी

१९८० च्या दशकात कोठडीत झालेल्या ९९ मृत्यूंची चौकशी एका शाही आयोगाने केली. १९९१ च्या त्याच्या अहवालात ३३९ शिफारशी होत्या. मुख्य निष्कर्ष असा की कोठडीत ॲबोरिजिनल माणसे जास्त मरतात, कारण ती कोठडीत जास्त टाकली जातात. म्हणून अटक हा शेवटचा उपाय असावा. तेव्हापासून आणखी सहाशेच्या आसपास ॲबोरिजिनल माणसे कोठडीत मेली आहेत. लोकसंख्येत ३.८ टक्के असलेला हा समाज आज प्रौढ कैद्यांत एक तृतीयांशाहून जास्त आहे.

दोन प्रकरणे सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणीला ३,६२२ डॉलरचा दंड थकला म्हणून कोठडीत टाकले. पोलीस त्या घरी आले होते ते घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीवरून, म्हणजे तिच्या मदतीला. मोडलेल्या बरगडीतून संसर्ग पसरत होता. दोनदा रुग्णालयात नेऊन तिला परत पाठवले गेले. ती नाटक करते आहे, असे पोलिसांना वाटत होते. तिसऱ्या खेपेला ती गेली. दंडासाठी तुरुंगात टाकण्याचा तो कायदा बदलायला २०२० उजाडले. व्हिक्टोरिया राज्यात २०१७ मध्ये रेल्वेत झोपलेल्या पंचावन्न वर्षांच्या महिलेला सार्वजनिक ठिकाणी दारूच्या अमलाखाली असल्याबद्दल अटक झाली. कोठडीत पडून डोक्याला मार लागला आणि ती वारली. हा गुन्हाच रद्द करा, असे आयोगाने १९९१ मध्येच सांगितले होते. तिच्या मुलांनी लढा दिला आणि व्हिक्टोरियाने तो रद्द केला नोव्हेंबर २०२३ मध्ये, बत्तीस वर्षांनी.

उलट्या दिशेनेही पावले पडतात. नॉर्दर्न टेरिटरीने २०२३ मध्ये गुन्ह्यासाठी जबाबदार धरण्याचे किमान वय दहावरून बारा केले होते. २०२४ मध्ये नवे सरकार आले आणि ते पुन्हा दहावर आणले.

दारूचा प्रश्न

तो आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. घरगुती हिंसाचारही आहे आणि त्याविरुद्ध सर्वांत आधी बोलल्या त्या ॲबोरिजिनल स्त्रियाच. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचे प्रमाण या समाजात इतर ऑस्ट्रेलियन लोकांपेक्षा जास्त आढळले आहे. जे पितात त्यांचे पिणे मात्र जास्त घातक असते.

उपाय कोण ठरवतो यावर सगळे अवलंबून असते. २००७ साली दोन वेगवेगळे प्रयोग झाले. नॉर्दर्न टेरिटरीत मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी एक अहवाल आला. ॲबोरिजिनल समाजाशी खरा सल्लामसलतीचा मार्ग धरा, ही त्यातली पहिलीच शिफारस. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने केले ते नेमके याच्या उलट : सैन्याची पथके पाठवली, वस्त्यांच्या जमिनींचे सक्तीचे भाडेपट्टे केले, लोकांच्या सरकारी भत्त्याचा अर्धा भाग अडवून ठरावीक दुकानांतच खर्च करायला लावला. हे कायद्यात बसावे म्हणून वंशभेदविरोधी कायदाच तिथे तहकूब केला. वस्त्यांच्या वेशीवर दारूबंदीचे मोठे फलक लागले. आपल्या गावाची अशी ओळख करून दिल्याचा अपमान लोक आजही विसरलेले नाहीत.

त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंग गावात एकामागून एक आत्महत्या होत होत्या. जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि इतर स्त्रियांनी कडक दारूची घरी नेण्यासाठी होणारी विक्री बंद करण्याची मागणी केली आणि विरोध सहन करून ती मान्य करून घेतली. गावातली मारहाण आणि जखमींची संख्या घटली. दारूबंदीच्या चळवळी स्त्रियांनीच पुढे नेल्याचे आपल्याकडेही पाहिले आहे. वार्लपिरी लोकांच्या युएन्दुमू वस्तीत १९९४ पासून ज्येष्ठांनी पेट्रोल हुंगणाऱ्या मुलांना गावापासून दूर माउंट थिओला स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले आणि ते व्यसन मोडून काढले. या योजना कॅनबेराहून आल्या नव्हत्या.

सिडनीच्या रेडफर्न भागात १९७० मध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःची कायदा मदत संस्था काढली, १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना. आज समाजाच्या ताब्यातल्या अशा आरोग्य संस्था देशभर १४० हून जास्त आहेत. सरकारनेही २०२० मध्ये या संघटनांशी करार करून निर्णयात वाटा देण्याचे मान्य केले. पण आयुर्मानातली दरी अजून पुरुषांत ८.८ आणि स्त्रियांत ८.१ वर्षांची आहे. तुरुंगवास, सरकारी ताब्यातली मुले आणि आत्महत्या ही तिन्ही उद्दिष्टे सुधारण्याऐवजी बिघडत चालली आहेत.

संसदेला सल्ला देणारे आपले एक मंडळ संविधानात असावे, अशी मागणी उलुरू येथे जमलेल्या प्रतिनिधींनी २०१७ मध्ये केली होती. त्याला नकाराधिकार नव्हता, निधीवर ताबा नव्हता. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात ६० टक्के मतदारांनी ती फेटाळली, सहाही राज्यांत. दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांतल्या मतदान केंद्रांवर मात्र मोठ्या बहुमताने ‘होय’ पडले होते. त्यानंतर क्वीन्सलँडने ॲबोरिजिनल लोकांशी करार करण्याची प्रक्रिया मोडीत काढली. व्हिक्टोरियाने २०२५ मध्ये तसा करार करणारा देशातला पहिला कायदा संमत केला.