दहा लाखांत ३.४ चुका: ‘सिक्स सिग्मा’चा हा आकडा येतो कुठून?

९९ टक्के अचूक काम म्हणजे दहा लाखांत १० हजार सदोष भाग. त्यामुळे मोटोरोलाने १९८६ मध्ये ‘सिक्स सिग्मा’ आणलं.

सीपी म्हणजे काय?
समजा, शाफ्टचा व्यास २० मिमी हवा, ०.०६ मिमी कमी-जास्त चालेल. मशीनवरच्या मापांचा पसारा, म्हणजे सिग्मा, ०.०१ मिमी आहे. एकूण सूट (०.१२) भागिले सहा सिग्मा (०.०६), म्हणजे सीपी २.

मग सीपीके कशाला?
सीपी फक्त पसारा बघतो. माप एका बाजूला सरकलं तरी त्याला कळत नाही. सीपीके म्हणजे सरासरीपासून जवळच्या मर्यादेचं अंतर भागिले तीन सिग्मा. सरासरी २०.०१५ मिमीवर गेली, तर सीपी २ च राहतो, पण सीपीके १.५ वर येतो.

फरक किती पडतो?
मापं नॉर्मल वितरणात असतील, तर सरासरी मधोमध असताना शंभर कोटींत साधारण २ भाग सदोष निघतात. ती १.५ सिग्मा सरकली की दहा लाखांत ३.४! सिक्स सिग्मात ही सरक आधीच धरलेली असते. म्हणूनच पुरवठादाराने नुसता सीपी दाखवला, तर सीपीकेही विचारावा.